भिंत ओली का होते? पाठ्यपुस्तकातून घरापर्यंत (इयत्ता ५ वी ते ७ वी)



पावसाळा सरत आला की घरोघरी एकच बेत ठरतो. भिंतीचे पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची आणि दिवाळीच्या आत रंग मारायचा. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा तिथंच! कारण आपण डाग झाकतो, पाणी कुठून आलं ते शोधत नाही. ते शोधायला ‘बाष्पीभवन आणि सांद्रीभवन’ हा आपला पाठ खूप उपयोगी पडतो. मुलांना सोबत घेऊन पुढच्या कृती करून पाहा.

कृती १ : सरबताचा पेला
काचेच्या पेल्यात बर्फ घातलेलं कोकम सरबत ठेवा. थोड्या वेळात पेल्याला बाहेरून थेंब येतील. मुलांना विचारा, “पेला गळतोय का?” पांढऱ्या कागदाने थेंब टिपा. कागद लाल होत नाही. म्हणजे ते पाणी आतलं नाही, हवेतल्या वाफेचं आहे. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २४ अंशांच्या पृष्ठभागावरही थेंब जमू लागतात. भिंत थंड असेल तर तिथंही हेच घडतं.

कृती २ : फॉइलची परीक्षा
साहित्य : पोळ्या गुंडाळायची फॉइल, चिकटपट्टी, कोरडं फडकं.
ओलसर जागा पुसून कोरडी करा. साधारण एक फूट लांब-रुंद फॉइल तिथं लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा.
• खोलीकडच्या बाजूला थेंब : हवेतली वाफ भिंतीवर जमते आहे.
• भिंतीकडच्या बाजूला थेंब : पाणी भिंतीतून येतं आहे.
• दोन्हीकडे थेंब : दोन्ही कारणं आहेत.
विजेच्या बोर्डाजवळ ही कृती अजिबात करू नका. बोर्डाची भिंत ओली असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

डाग वाचायला शिका
१) कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके, कुबट वास : बहुधा सांद्रीभवन. एसी असलेल्या खोलीच्या भिंतीला पलीकडच्या बाजूनेही असं होतं.
२) जमिनीपासून वर चढलेली ओल, वर आडवी रेघ, पांढरी पूड (लोणा) : जमिनीतलं पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मिठागरात घडतं तेच!
३) पावसानंतरच वाढणारी ओल : बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची चौकट किंवा गच्ची तपासा.
४) पाऊस नसतानाही ओला राहणारा डाग : नळाची गळती असू शकते. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. पाणी न वापरताही सकाळी तो वाढलेला असेल, तर कुठंतरी गळती आहेच.

मग उपाय काय?
सांद्रीभवन असेल तर भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा खर्च करून उपयोग नाही. भातावर झाकण ठेवा, आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. जमिनीतली ओल असेल तर बाहेरून भिंतीला टेकलेली माती काढा, पाण्याचा निचरा नीट करा आणि जोत्याजवळच्या ओलरोधक थराबद्दल जाणकार इंजिनिअरला विचारा. नुसता आतून जाड थर दिला तर ओल तिथं अडते आणि आणखी वर निघते.

पालकांनो, हा फक्त रंगाच्या खर्चाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर खास मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा अशा श्वसनाच्या त्रासाचा धोका जास्त असतो, असं त्यात म्हटलं आहे. मुलाचं अंथरूण अशा भिंतीला लागून असेल तर आजच सरकवा. बुरशी मोठ्यांनीच पुसावी, तीही तोंडाला मास्क लावून.

गृहपाठ
घराचा साधा नकाशा काढून ओलीच्या जागा रंगवा. प्रत्येक जागेपुढे लिहा : डाग कुठं? कधी वाढतो? लोणा आहे का? फॉइलवर थेंब कोणत्या बाजूला?

हा नकाशा हातात असल्याशिवाय रंगाचा डबा आणू नका. तपासणी आधी, रंग नंतर!