गढूळ पाण्यात मरळीसाठी रंग कसा निवडावा

अमेरिकेत ‘बास’ नावाच्या माशासाठी पोपटी, केशरी, भडक गुलाबी असे लूर, म्हणजे नकली आमिषं, वापरतात. तेच रंग आता आपल्याकडेही घरपोच मिळतात. गोदावरीत, मांजरेत किंवा मन्याडीत बास नाही. पण झाडोऱ्याच्या आडोशाला दबा धरून बसणारी आणि पाण्यावर हललेल्या बेडकावर झेप घेणारी मरळ आहे. धर्माबाद-देगलूरच्या पलीकडे तेलंगणात तिला कोरमेनू म्हणतात आणि ती त्या राज्याचा राज्यमासा आहे. शिकारीची रीत सारखी असल्यामुळे बासच्या रंगांचं शास्त्र मरळीच्या गळालाही उपयोगी पडतं. मात्र भडक रंग माशाला आवडतो म्हणून चालत नाही, त्या पाण्यात तो उठून दिसतो म्हणून चालतो. म्हणून आधी पाणी मोजायचं आणि मगच डबा उघडायचा.

त्याआधी परवानगी. विष्णुपुरीचा शंकरसागर असो, लिंबोटी असो की गावतळं, बहुतेक पाण्यावर मासेमारीचा हक्क कुठल्या ना कुठल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या माणसाला भेटा, विचारा, भोई बांधवांची जाळी कुठे लावली आहेत ते समजून घ्या. पावसाळ्यात धरणाच्या दारांखाली नदीपात्रात उतरू नका. वरून पाणी कधी सुटेल याचा भरवसा नसतो.

साहित्य थोडकंच लागतं. वीतभर रुंदीचं पांढरं प्लॅस्टिकचं झाकण, त्याला वजन म्हणून एक जाड नट, वीत-वीत अंतरावर गाठी मारलेली दोरी. एकाच आकाराचे आणि एकाच वजनाचे चार लूर: पोपटी, केशरी, काळा, आणि हिरव्या पाठीचा-पांढऱ्या पोटाचा. थोडं नेलपेंट, काळा मार्कर आणि एक वही. याहून जास्त रंग घेण्यात पैसा घालवू नका. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बासच्या डोळ्यांवर केलेलं काम 2019 मध्ये ‘करंट झूऑलॉजी’ नियतकालिकात छापून आलं. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याला आणि एक तांबड्याला दाद देणारी. तांबडा आणि हिरवा हे रंग तो नीट वेगळे ओळखतो. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गफलत होते, निळ्या-काळ्यातही होते. दुकानात वेगळे दिसणारे दोन लूर पाण्याखाली एकच ठरू शकतात.

आता मोजणी. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूला, सावलीत उभं राहा. झाकण सावकाश खाली सोडा. दिसेनासं झालं की गाठ पाहा, थोडं आणखी सोडा, वर ओढा आणि पुन्हा दिसू लागलं की परत गाठ पाहा. दोन्हींच्या मधला आकडा धरा. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये समुद्रावर अशीच पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आजही जगभर तीच पद्धत वापरतात.

झाकण एका वितीच्या आत दिसेनासं झालं, तर पाणी खरं गढूळ. नांदेड-लातूरकडे आषाढ-श्रावणात बहुतेक असंच असतं, कारण आपल्या काळ्या मातीचे कण फार बारीक असतात आणि पूर ओसरला तरी ते दिवस-दिवस खाली बसत नाहीत. अशा पाण्यात निळा-जांभळा प्रकाश वरच्या थरातच संपतो. पिवळा, केशरी, तांबडा त्यामानाने खाली पोहोचतो. निवळ समुद्रात हेच उलट होतं, तिथे तांबडा सगळ्यात आधी विझतो. म्हणून परदेशी माहितीत ‘तांबडा खोलवर दिसत नाही’ असं वाचलं, तरी ते निवळ पाण्याबद्दल आहे हे लक्षात ठेवा. वितीच्या आतल्या पाण्यात केशरी किंवा काळा, हे दोनच घ्या. आणि रंगापेक्षा आवाजावर भर द्या: पाणी फोडणारा, गरगरणारा, खुळखुळणारा लूर. माशाच्या कुशीवरची संवेदी रेघ पाण्यातला थरकाप टिपते आणि डोळ्यांना दिसण्याआधीच माशाचं तोंड तिकडे वळतं.

एक वीत ते एक हात दिसत असेल तर पोपटीचा दिवस आहे. दुकानदार ज्यांना रेडियम रंग म्हणतात ते इथे खरे कामाचे. साधा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला आपलाच भाग परत देतो. रेडियम रंग मात्र निळा आणि अतिनील प्रकाश शोषून तो पिवळा-केशरी करून बाहेर टाकतो, म्हणून भोवतालच्या पाण्याहून उजळ भासतो. त्यासाठी मुळात प्रकाश हवा. सूर्य कलला की ही जादू संपते, आणि तिन्हीसांजेला तांबडाही काळपट होत जातो. त्या वेळी सरळ काळा बांधा.

हातापेक्षा जास्त दिसत असेल तर भडक रंग डब्यातच ठेवा आणि हिरव्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा लूर घ्या. बाभळी बंधाऱ्याची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी असतात; ती बंद झाली की वरचं पाणी थबकतं आणि गाळ बसायला लागतो. त्या सुमारास दर आठवड्याला नव्याने मोजा. पाणी शेवाळाने हिरवं झालं असेल तर साधा हिरवा त्यात मिसळून जातो. केशरी किंवा काळा उठतो.

रंग स्वतः चढवायचा असेल तर कडक प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या लूरवरच चढवा. मऊ रबरी बेडकावर नेलपेंट सोलून निघतं. आधी पांढऱ्याचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. रेडियम रंग पातळ आणि अर्धपारदर्शक असतात, खाली पांढरं नसेल तर मळकट दिसतात. वरून रंगाचे दोन हात, मग मार्करने कुशीवर तीन-चार काळे आडवे पट्टे. हे पट्टे विसरू नका. उजळ आणि गडद शेजारी-शेजारी आले की गढूळ पाण्यातही आकार कळतो. शेवटी पारदर्शक नेलपेंट. रंगवलेले लूर उन्हात टाकून ठेवू नका, रेडियम रंग उन्हाने फार लवकर उतरतो.

पाण्यावर ओढायचा बेडूक-लूर कडक प्लॅस्टिकचा असेल तर त्याचं पोट रंगवा. मरळ खालून बघते. पाठ तिला दिसत नाही. उजळ आभाळापुढे खालून कोणताही लूर बहुतेक सावलीसारखाच दिसतो, म्हणून भर उन्हात काळं पोट चांगलं. पाठीला केशरी ठिपका द्या, तो तुमच्यासाठी: जलपर्णीत लूर कुठे आहे ते कळतं.

मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर बुडबुडा फुटतो. त्याच्या पलीकडे लूर टाका, बेशरमीच्या झुडपाच्या कडेने सावकाश आणा, थांबवा, पुन्हा हलवा. झेप दिसली की लगेच झटका देऊ नका. दोरीला वजन लागू द्या, मगच ओढा.

पावसाळ्यात पाण्यावर तांबड्या-केशरी पिल्लांचा थवा एकत्र वर-खाली करताना दिसला, तर तिथे लूर टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि थव्याजवळ आलेल्या कशावरही चालून जातात. ते उचलले की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. यात कसब काहीच नाही आणि नुकसान पुढच्या कित्येक हंगामांचं आहे. आटत आलेल्या डोहांचंही तसंच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, असे उन्हाळे आपण पाहिलेत. अशा वेळी डोहात कोंडलेला मासा हेच पुढच्या पावसाचं बियाणं असतं.

शेवटचं काम वहीचं. एका जागी दोन रंग घ्या, प्रत्येकाच्या दहा-दहा फेका आळीपाळीने टाका. आकार, वेग, दोरी बदलू नका. झाकण किती वितीवर दिसेनासं झालं, ऊन होतं की ढग, वेळ, आणि कोणत्या रंगावर किती झेपा आल्या ते लिहा. पकडलेले मासे नव्हे, झेपा मोजा. मासा सुटणं गळाच्या धारेवर आणि हातावर असतं. पाणी आणखी वीतभर निवळलं की नवं पान काढून मोजणीपासून सुरुवात करा.