अपग्रेडनंतर नवा युजर अडतो, डिस्कही भरते

प्रश्न : वाचनालयाचा डेटाबेस मायएसक्यूएल 5.7 वरून 8.0 वर नेला. जुने युजर चालतात, नव्याने केलेल्याला मात्र आमचा जुना प्रोग्राम लॉगिन करू देत नाही. डिस्कही भराभर भरतेय. काय बिघडलं?

उत्तर : बिघडलं काहीच नाही, डिफॉल्ट बदललेत. नव्या युजरचा पासवर्ड आता 'कॅशिंग शा-2' पद्धतीने तपासला जातो. तुमच्या प्रोग्रामच्या जुन्या कनेक्टरला ती कळत नाही. जुन्या युजरची पद्धत अपग्रेडमध्ये तशीच राहते, म्हणून ते सुखात. कनेक्टर अद्ययावत करा. तोवर त्या युजरला जुनी 'नेटिव्ह' पद्धत देता येईल, पण ती सवय लावून घेऊ नका : 8.4 मध्ये ती मुळात बंद असते, 9.0 मध्ये काढूनच टाकली आहे.

डिस्क भरतेय ती बायनरी लॉगमुळे. पूर्वी तो बंद असे, आता चालू असतो आणि 30 दिवस साठतो. मुदत कमी करा. फाइली हाताने उडवू नका, त्यासाठी 'पर्ज' आदेश आहे.

आणि हो, डिफॉल्ट अक्षरसंचही बदललाय : लॅटिन-1 जाऊन यूटीएफ-8-एमबी-4 आलं (मराठीसाठी उशिरा आलेलं शहाणपण!), पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. ती आधी बॅकअप घेऊन स्वतंत्रपणे बदलावी लागतील.