गाडी बहुतेक उभीच असते, मग विमा कोणता घेऊ?

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, निवृत्त, राहायला कोथरूडला. सहा वर्षांपूर्वी घेतलेली माझी ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आजवर जेमतेम २१ हजार किलोमीटर चालली आहे. मंडई, दवाखाना आणि गणपतीला गुहागर, एवढीच तिची धाव. एकदाही क्लेम केलेला नाही. महिनाअखेरीस पॉलिसी संपते आहे. एजंट म्हणतो, ‘किलोमीटरवाली’ पॉलिसी घ्या. मुलगा म्हणतो, नुसती थर्ड पार्टी पुरे. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एजंटाचं ऐका, पण त्याला दोन प्रश्न विचारून. मुलाचं या बाबतीत ऐकू नका.

आधी जुन्या पॉलिसीचा कागद समोर घ्या. त्यात हप्त्याचे दोन भाग वेगळे छापलेले असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत, वर १८ टक्के जीएसटी. वर्षात तीनशे किलोमीटर चालवा की तीस हजार, या रकमेत एक रुपयाचाही फरक पडत नाही. दुसरा भाग ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. कमी चालवण्याची सवलत मिळते ती फक्त या दुसऱ्या भागावर. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये अशा पॉलिसींना मोकळी वाट करून दिली, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार असे किलोमीटरचे टप्पे देतात.

आता हिशेब करू. समजा, तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ६,००० रुपये आहे. पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे ५० टक्के नो क्लेम बोनस मिळून तो ३,००० वर येतो. त्यावर किलोमीटरची सवलत २० टक्के धरली, तर वाचले ६०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. पैसे वाचतात हे खरं, पण एजंट रंगवतो तेवढे नाहीत.

म्हणून त्याला पहिला प्रश्न हा विचारा : ठरलेले किलोमीटर संपले की काय होतं? इथे कंपन्याकंपन्यांत मोठा फरक आहे. थर्ड पार्टीचं संरक्षण कायम राहतं. पण काही पॉलिसींत अपघातातल्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई तिथेच थांबते, तर काहींत क्लेमच्या रकमेतून ठरावीक हिस्सा कापला जातो. दुसरा प्रश्न : जादा किलोमीटर मध्येच विकत घेता येतात का, आणि ते कधीपासून लागू होतात? दोन्ही उत्तरं तोंडी नकोत, ईमेलवर घ्या.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. मी अडीच हजार किलोमीटरचा टप्पा घेतला होता, कारण त्याआधीच्या वर्षी गाडी दोन हजारही चालली नव्हती. त्याच वर्षी आई कोल्हापूरला आजारी पडली. पुण्याहून जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर, आणि दीड महिन्यात चार फेऱ्या झाल्या. कऱ्हाडजवळ पेट्रोल भरताना सहज मीटरकडे लक्ष गेलं आणि पोटात गोळा आला. पंपाच्या कडेला गाडी लावली, ओडोमीटरचा फोटो काढून कंपनीला पाठवला आणि जादा किलोमीटर घेतले. कमी चालणारी गाडी वर्षभर सारखी थोडी थोडी चालत नाही. घरात आजारपण आलं, लग्न निघालं की ती एकदम धावते, आणि नेमकं तेव्हा मीटरचं भान राहत नाही. तुमची सरासरी साडेतीन हजारांची आहे. पाच हजारांचा टप्पा घ्या, अडीचचा नको.

आता मुलाच्या सल्ल्याकडे येतो. गाडी फिरत नाही म्हणून धोका नाही, असं त्याला वाटतं. पण उभ्या गाडीचे धोके वेगळे असतात आणि ते किलोमीटर मोजत नाहीत. वळवाच्या पावसात झाड कोसळतं. चोरी होते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा सोसायट्यांमधल्या कितीतरी गाड्या नुसत्या उभ्या होत्या. यातलं काहीच थर्ड पार्टी पॉलिसीत बसत नाही. उंदीर तर उभीच गाडी शोधतात. बॉनेट उघडलं की बॅटरीपाशी पालापाचोळ्याचं घरटं आणि सोललेल्या वायरी दिसतात. हा खर्च काही कंपन्या देतात, काही हुज्जत घालतात, म्हणून तोही प्रश्न ईमेलमध्ये घाला.

पाण्याबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तळमजल्यावरच्या गाडीत पाणी शिरलं, तर ते ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहू नका. पुराने झालेलं नुकसान ओन डॅमेजमध्ये धरलं जातं. पण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केलं, सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, की सर्व्हेअर ते मालकाच्या कृतीने झालेलं नुकसान ठरवतो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड घेतलेली नसेल, तर हा सगळा खर्च खिशातून जातो. गाडी टो करूनच गॅरेजला न्यायची. ही जोड घेताना गाडीच्या वयाची अट असते. सहा वर्षांच्या गाडीला मिळत असेल, तर किलोमीटरच्या सवलतीतून वाचलेले पैसे तिथे घाला.

तुमची खरी कमाई मात्र तो ५० टक्के बोनस आहे. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५ असा पायरीपायरीने पुन्हा चढतो. वरच्याच ६,००० च्या हिशेबाने, हप्ता तेवढाच राहिला असं धरून, पाच वर्षांत तुम्ही ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० असे एकूण साडेसात हजार रुपये जादा भराल. म्हणजे सोसायटीच्या खांबाला बंपर घासला आणि गॅरेजवाल्याने पाच हजार सांगितले, तर मुकाट्याने खिशातून द्या. त्याच न्यायाने, क्लेममधला पहिला काही हिस्सा आपण सोसण्याची तयारी दाखवली, तर हप्ता आणखी उतरतो. लहानसहान क्लेम करायचेच नसतील, तर ही सवलत जरूर घ्या. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी बदलली तरी तो नव्या गाडीला लावून मिळतो. पण पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर तो जातो. ‘चालवत नाहीये ना, बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत गाडी झाकून ठेवणारे इथेच फसतात.

आणखी एक. तुम्ही ६७ वर्षांचे आहात. वयाच्या पंचावन्ननंतर लायसन्स दर वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं आणि गाडी कमी वापरणाऱ्यांना त्याची तारीख आठवत नाही. लायसन्स संपलेलं असताना अपघात झाला, तर ओन डॅमेजचा क्लेम फेटाळला जाऊ शकतो. एजंटाला फोन करण्याआधी पाकिटातून ते काढा आणि तारीख वाचा.