चिकाच्या भावात हळदीचं दूध

खरवस मला येतो. हे आधीच लिहून ठेवते, कारण थोरल्या दिरांच्या वाढदिवसापासून आमच्या घराण्यात माझ्या खरवसाबद्दल जे बोललं जातं, ते ऐकून कुणालाही वाटेल की या बाईनं जन्मात पहिल्यांदाच कुकर लावला असावा. माझं माहेर अलिबागकडचं. दारात गाई होत्या. गाय व्याली की चिकाचं भांडं चुलीवर चढायचं आणि जायफळ किसायचं काम माझ्याकडे असायचं. डोंबिवलीत आल्यावरही ओळखीपाळखीतून चीक मिळाला की मी खरवस केलाय आणि त्याच्या वड्या पडल्यात. तेव्हा ‘तिला जमलं नाही’ हे वाक्य मला लागलं, आणि अजून लागतंय.

चीक दिला तो आमच्याच भागातल्या दूधवाल्यांनी. नाव लिहीत नाही. दहा इमारतींत त्यांचं दूध जातं आणि मला रोज त्याच रस्त्यानं भाजीला जावं लागतं. चीक मिळेल का म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “किती लिटर देऊ?” ज्याच्या गोठ्यात खरंच गाय असते तो असं विचारत नाही. तो म्हणतो, बघतो, एक गाय व्यायला झालीय, आठ दिवस थांबा. चीक काही नळाला येत नाही. गाय वर्षा-सव्वा वर्षानं एकदा विते, पहिल्या दोन-तीन दिवसांतच कामाचा चीक मिळतो आणि त्यावर पहिला हक्क वासराचा. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती या चिकातूनच मिळते. तीही पहिल्या काही तासांतच नीट अंगी लागते. दिवस उलटला की वासराच्या आतड्याला ती शोषून घेता येत नाही. वासरू पिऊन उरेल तेवढाच माणसांचा. मग वर्षाचे बारा महिने मागाल तेवढे लिटर चीक देणाऱ्या माणसाकडे गाई आहेत तरी किती?

“पहिल्या धारेचा, गावठी गाईचा,” असं म्हणून पिवळाधमक चीक प्लास्टिकच्या बाटलीत घालून आला. लिटरला चारशे रुपये, तेही आगाऊ. वर “ताई, चीक देणं हे पुण्याचं काम, त्यात आपण नफा बघत नाही,” हेही ऐकवून झालं. आमच्याकडे चीक विकतच नसत. शेजारी वाटायचा, आणि भांडं परत येताना त्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर तांदूळ असायचे. पुण्याची भाषा चारशे रुपये मोजून घेताना वापरायची नसते.

वाढदिवसाच्या दिवशी चीक गाळून घेतला. त्यात केस, काडीकचरा असतो, म्हणून मी तो नेहमी पांढऱ्या तलम कापडातून गाळते. कापड त्याच दिवशी ताग्यातून फाडलेलं, कोरं. हे कोरं कापड लक्षात ठेवा. मग दूध, किसलेला गूळ, वेलची, जायफळ आणि कुकर, शिट्टी न लावता. पाऊण तासानं झाकण उघडलं तर भांड्यात गुळाचं दूध हिंदकळत होतं. वर पातळ साय आणि त्या सायीवर तरंगणारं जायफळ. आणखी वीस मिनिटं ठेवलं. सुरी घातली तर ती नुसती ओली होऊन बाहेर आली. बाहेर पानं मांडलेली.

“अगं, चिकात दूध फार झालं असेल,” जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “तुझा हात पहिल्यापासून सढळ.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला ते जास्त झोंबलं. पुतण्या कोपऱ्यावरून श्रीखंडाचे डबे घेऊन आला आणि सगळ्यांनी ते फार छान आहे, फार छान आहे म्हणत खाल्लं. श्रीखंड एवढं कौतुक करण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळायचं कापड धुवायला घेतलं. मधोमध फिकट पिवळा डाग होता. त्यावर कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि डाग लाल झाला. वीटकरी लाल. पाण्याखाली धरून साबण काढला तर पुन्हा पिवळा. पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल. आमटी सांडलेला टेबलक्लॉथ जिनं आयुष्यात एकदा तरी धुतलाय तिला हे सांगायला नको. साबणातल्या क्षारानं लाल होते ती हळद. चीक लाल होत नाही, गूळही होत नाही. आणि गाळलं तेव्हा गूळ, मसाला काहीच घातलेलं नव्हतं. मी मोरीत तशीच उभी राहून ते कापड पिवळं-लाल, पिवळं-लाल करत राहिले. राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. माझा हात सढळ नव्हता. बाटलीत चीकच नव्हता!

दुधात हळद घालून चीक म्हणून विकण्यात एक हिशेब आहे. गाईचा पहिला चीक केशरी-पिवळा असतो, हे गिऱ्हाईकाला माहीत असतं आणि बहुतेकांना तेवढंच माहीत असतं. म्हशीचा चीक इतका पिवळा नसतोच. पण खरवस घट्ट होतो तो रंगानं नाही. पहिल्या धारेच्या गाईच्या चिकात प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास असतात, साध्या दुधात तीन-साडेतीन टक्के. त्यातही चिकात जी जादा असतात ती वासराला प्रतिकारशक्ती देणारी, आणि ती उष्णतेनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात. साधं दूध दोन तास वाफवलं तरी ते दूधच राहणार. चिकात दूध जास्त झालं तर खरवस लिबलिबीत होतो, वडी मोडते, पण काहीतरी धरतं. माझ्या भांड्यात काहीच धरलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट जाऊबाईंना फोनवर समजावून सांगितली, तर म्हणाल्या, “जाऊ दे ना, होतं असं कधीकधी.” असं होत नाही.

कापड पिशवीत घालून सकाळी दूधवाल्यांच्या वेळेला फाटकाशी उभी राहिले. आधी त्यांना मी कोण तेच आठवेना. मग म्हणाले, “कुकर जास्त तापवला असेल.” मग कापड दाखवलं. त्यावर ते हसले आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ताई, व्यालेल्या गाईला हळद चारतात. ती उतरते दुधात.” आणि दूध घ्यायला आलेल्या दोघांनी माना डोलावल्या! व्यालेल्या गाईला हळद, गूळ, बाजरी घालतात हे मला माहेरापासून ठाऊक आहे. आमच्या गाईही खायच्या. पण पोटातली हळद कासेतून निघून कापडावर डाग पाडते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, आणा मग एक लिटर, इथंच वाटीभर वाफवून बघू. तेव्हा त्यांना एकदम उशीर व्हायला लागला. जाता जाता म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नका, बिलात अर्धे वळते करतो.” अर्धे! जणू अर्धा चीक मिळाला होता. वर ते उपकार केल्यासारखं. मी त्यांचं दूध बंद केलं. इमारतीतल्या बाकीच्यांनी नाही केलं.

आता कुणाला चीक घ्यायचा असेल तर सांगते.

घरी आणल्यावर आख्ख्या चिकात गूळ-दूध घालायच्या आत दोन चमचे चीक नुसताच एका छोट्या वाटीत घालून सात-आठ मिनिटं वाफवा. पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा असेल तर टणक गोळा होतो. मऊसर धरला तर तिसऱ्या दिवसाचा आहे. हलला तर ज्याचा त्याला परत. ही चाचणी विकणाऱ्याच्या समोर करता आली तर फारच उत्तम, पण त्यासाठी तो थांबायला हवा. पाहुणे यायच्या दिवशी चीक आणू नका; एक दिवस आधी आणून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे चाचणीला आणि भांडणाला, दोन्हीला वेळ मिळतो.

दूध किती घालायचं हे त्या वाटीवरूनच कळतं. पहिल्या दिवसाच्या एक वाटी चिकाला दोन वाट्या दूध मी बिनदिक्कत घालते. फार दाट असला तर तीनही सोसतो. मुळीच न घालता केलात तर खरवस चिवट होतो, दाताखाली रबर. दुसऱ्या दिवसाच्या चिकाला बरोबरीनं दूध, तिसऱ्या दिवसाच्याला अजिबात नाही. त्यानंतर तो जवळजवळ दूधच. तीन वाट्या मिश्रणाला पाऊण वाटी चिरलेला गूळ, आणि गूळ थंड असतानाच विरघळवायचा. गॅसवर ठेवून विरघळवायला गेलात की चीक तिथेच फाटला. भांड्यावर ताटली झाका, नाहीतर झाकणाची वाफ पाणी होऊन खरवसावर ठिबकते आणि वर खड्डे पडतात. भांडं फार खोल नको. निवल्याशिवाय वड्या कापू नका, हे सगळेच सांगतात आणि कुणीच ऐकत नाही.

चीक कच्चा चाखून बघू नका. काही जण बोट बुडवून चाखतात. न तापवलेल्या दुधातून जनावरांचे आजार माणसाला होऊ शकतात.

तयार खरवस विकत घेणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. बाजारातला पुष्कळसा खरवस चायना ग्रास घालून केलेला असतो. त्याची वडी आरशासारखी गुळगुळीत आणि कापा नीट धारदार. खऱ्या खरवसाला कापल्यावर बारीक जाळी दिसते आणि दाबलं की थोडं पाणी सुटतं. तरी शंका असेल तर तुकडा उकळत्या पाण्यात टाका आणि एक उकळी येऊ द्या. चायना ग्रास विरघळून जातं. चिकाचा खरवस तसाच राहतो, कारण एकदा गोठलेली प्रथिनं उष्णतेनं पुन्हा पातळ होत नाहीत. कंडेन्स्ड मिल्क, दूध आणि दही सारखं घेऊन वाफवतात तो पदार्थ चवीला वाईट नसतो. पण त्याला चिकाचा भाव द्यायचं कारण नाही.

तक्रारीचं म्हणाल तर बाजारात विकल्या जाणाऱ्या दुधाच्या सरकारी व्याख्येतच ते चीक नसलेलं हवं असं म्हटलंय आणि डेअऱ्याही ताज्या व्यालेल्या जनावराचं दूध घेत नाहीत. म्हणजे चीक येतो तो असाच, हातोहात, बिनपावतीचा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही पैसे भरून नमुना सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र विकत घेतानाच विकणाऱ्याला तसं सांगावं लागतं. आता बाटली हातात घेताना “हे मी तपासायला देणार आहे हं” असं सांगितल्यावर हळदीचं दूध कोण देईल? तरी सांगून बघाच. सांगितल्यानं तो बाटली मागे घेईल, आणि तुमचे पैसे वाचतील.

पुढे रोह्याकडच्या एका मैत्रिणीच्या घरी गाय व्याली. तिनं स्टीलच्या डब्यात, बर्फात घालून पहिल्या दिवसाचा चीक आणला. पैसे घेतले नाहीत. डब्यातून तांदूळ पाठवले. तेच भांडं, तोच कुकर, तोच हात, शिवाय दूध दुप्पट. सुरी घातली ती कोरडी बाहेर आली. वाटीभर घरात ठेवून बाकी सगळा खरवस वड्या पाडून पुतण्याबरोबर जाऊबाईंकडे पाठवला.

रात्री त्यांचा फोन. चांगला झालाय म्हणाल्या. मग थोडं थांबून, “चायना ग्रास घातलंस का गं या वेळी?”

मी म्हटलं, वहिनी, एक वडी उकळत्या पाण्यात टाकून बघा. त्यांनी टाकली की नाही कळलं नाही. डबा अजून त्यांच्याकडेच आहे.