वारसा कोणता आणि तो परदेशी कसा न्यावा?



आजच्या पाठासाठी ‘दायज्ज’ हा एक पालि शब्द आपण लक्षात ठेवावा. दायज्ज म्हणजे वारसा. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत कपिलवस्तूला आले, तेव्हा यशोधरेने राहुलाला त्यांच्याकडे पाठविले आणि आपला वारसा मागावयास सांगितले. लहानगा राहुल वडिलांच्या मागोमाग चालत राहिला व वारसा मागत राहिला. तथागतांनी सारिपुत्ताला त्याची प्रव्रज्या करावयास सांगितले. राजघराण्यातील मुलाला वारशात मिळाला तो धम्म. या कथेचा उत्तरार्धही वाचावा. शुद्धोदनाला या गोष्टीचे फार दुःख झाले आणि त्याच्या विनंतीवरून, आईवडिलांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. म्हणजे वारसा देताना घरातील माणसांचाही विचार करावा लागतो.

गृहस्थांसाठी असलेल्या सिगालोवाद सुत्तातही हाच शब्द आहे. मुलाने आईवडिलांप्रती पाळावयाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत, त्यांतील एक म्हणजे वारशाला पात्र होणे. नुसते ‘वारसा घेणे’ असे म्हटलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

हे आज सांगण्याचे कारण असे की, आपल्या पुष्कळ घरांतील मुले-मुली नोकरीसाठी व शिक्षणासाठी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आखाती देश येथे गेली आहेत. मागे राहिलेल्या आईवडिलांची काळजी एकच असते : तिकडे गेल्यावर मुले आपली संस्कृती विसरतील काय? प्रश्न योग्य आहे. पण आपली संस्कृती म्हणजे नेमकी कोणती, याचे उत्तर आधी द्यावयास हवे. दीक्षा घेऊन फार दिवस न झालेल्या कुटुंबाला तर ते द्यावेच लागते.

तिकडे काय घडते ते पाहा. परक्या गावात आपली सून किंवा मुलगी एकटी असते. मराठी बोलणारे कोणी भेटले की तिला माहेर भेटल्यासारखे वाटते. तेथील महाराष्ट्र मंडळात तिला आपुलकीने बोलावतात. पण मंडळाचा सर्वांत मोठा कार्यक्रम बहुधा गणेशोत्सव असतो. घरोघरी सत्यनारायण आणि हळदीकुंकू असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील ही मुलगी मग पेचात पडते. गेली तर प्रतिज्ञा मोडते, न गेली तर मराठी माणसे तुटतात. काही जण यातून मार्ग काढतात तो असा की आडनाव आणि धर्म सांगावयाचेच नाही. हा मार्ग सर्वांत वाईट. कारण मुले हे लपविणे पाहतात, आणि लपविण्यासारखे काहीतरी आपल्यात आहे, एवढेच शिकतात.

आमचे मत विचाराल तर मंडळात जावे. गाणी, नाटक, जेवण, मुलांची मराठी शाळा यांत मनापासून भाग घ्यावा. पूजेच्या वेळी हात जोडू नयेत आणि कोणी विचारल्यास शांतपणे सांगावे, ‘आम्ही बौद्ध आहोत.’ वैशाख पौर्णिमेला त्याच मंडळींना आपल्या घरी खीर खावयास बोलवावे. जे येतील ते आपले. येणार नाहीत त्यांच्याशीही मैत्रीभाव सोडू नये.

मराठीपण आणि हिंदूपण एकच आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी बेने इस्रायल समाजाचा अभ्यास करावा. हे आपल्या कोकणातील ज्यू. अलिबाग, पेण या बाजूच्या गावांत ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे. देवाच्या कथांची कीर्तनेही त्यांनी मराठीत केली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे सर्व काही गोड नव्हते. हे खरे ज्यू आहेत काय, अशी शंका तेथील धर्माधिकाऱ्यांनी घेतली, त्यांच्या विवाहांत अडथळे आले, आणि सत्याग्रह-निदर्शने केल्यानंतर १९६४ साली त्यांना पूर्ण बरोबरीची मान्यता मिळाली. इतके होऊनही त्यांनी मराठी टाकली नाही. गोड पोहे, ओले खोबरे व फळे यांचा मलिदा ते आजही मंगलप्रसंगी करतात. त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथे चालविले. आपल्या देवळांशी ज्यांचा कधी संबंध नव्हता, त्यांनी परदेशात मराठी टिकवून दाखविली. मग भीमजयंतीची गाणी ज्या वस्त्यांत रात्र रात्र रंगली, वामनदादा कर्डकांनी ज्यांच्यासाठी गावोगाव गाऊन दाखविले, त्या समाजाला मराठी टिकविण्यासाठी गणपतीची गरज का पडावी?

आता उलट बाजू. वारशाच्या पेटीतून एक वस्तू मात्र न्यावयाची नाही, ती म्हणजे जात. ती पासपोर्टवर लिहिलेली नसते, तरी समुद्र ओलांडते. ब्रिटनमध्ये समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याची तरतूद २०१३ साली संसदेने केली, पण तो उल्लेख करावयाचा नाही असे सरकारने २०१८ साली ठरविले. अमेरिकेतील सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध नियम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले व ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते अडविले. या बातम्या मुलांना वाचून दाखवाव्यात. ‘तुमचे आडनाव काय, गाव कोणते’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे काय असू शकते, हे त्यांना माहीत असावे. आणि आपल्याच पोटजातींचा विचार करून परदेशात सोयरीक शोधणारे बौद्धही असतात, हे त्यांनी दुसऱ्याकडून ऐकण्याआधी आपण सांगावे.

पू. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा २२ वर्षांचे होते. परक्या देशात जो मोकळेपणा लाभला त्यात रमून त्यांनी मागील सर्व विसरावे, हे स्वाभाविक ठरले असते. पण तेथून वडिलांच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ते मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरतात. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी निबंध वाचला तो भारतातील जातींवर. दूर गेल्यामुळे त्यांना आपला समाज अधिक स्पष्ट दिसला. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे ज्या घरात ते विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. लंडनला जाणाऱ्या मुलांनी एक दिवस तेथे काढावा. छायाचित्र काढून परत येऊ नये. त्या वयात ते दिवसाचे किती तास वाचत, ते चरित्रात आधी वाचून जावे.

पालि शिकावयाची की मराठी, असा प्रश्न काही मातांना पडतो. तिकडे जन्मलेल्या मुलाला दोन्ही परक्या. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे : बुद्धवचन वैदिक छंदांत बांधावे असे दोन ब्राह्मण भिक्षूंनी सुचविले, तेव्हा तथागतांनी ते नाकारले व आपापल्या बोलीत ते शिकण्यास अनुमती दिली. ‘आपली बोली’ कोणाची, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. तो वाद आपण विद्वानांकडे सोडू. आपल्यापुरते एवढे पुरे की मुलाला जी भाषा समजते तीत त्रिशरण-पंचशीलाचा अर्थ सांगण्यात काहीही उणे नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मुळात इंग्रजीतच लिहिला गेला, म्हणून तिकडच्या नातवाला तो आजोबांपेक्षा सोपा जाईल. गाथा पालीत म्हणाव्यात, अर्थ इंग्रजीत समजून घ्यावा, आजीशी बोलणे मात्र मराठीत. तीनही भाषांना घरात वेगवेगळी जागा दिली की भांडण राहात नाही.

परदेशात वारसा नासतोच असे समजू नये. संघमित्रेने बोधिवृक्षाची शाखा श्रीलंकेला नेली. अनुराधपूरचा वृक्ष त्याच शाखेचा म्हणून आजही पूजला जातो. भारतात धम्म जवळजवळ लोपला तेव्हा तो बाहेर सांभाळला गेला. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांना पालि शिकण्यासाठी १९०२ साली श्रीलंकेला जावे लागले. नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशचे.

प्रत्यक्ष करावयाचे काम थोडे आहे. घरातील आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल तर त्या या महिन्यातच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखावर ओव्या जमविल्या; त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. आपल्या आजीच्या ओव्या तेथे नसतील. ती कोणत्या गावची, कोणत्या विहिरीवर तिला पाणी मिळत नव्हते, दीक्षेच्या दिवशी घरातील देव कोणी उचलले व कोठे सोडले, हेही तिच्याच तोंडून घ्या. लिहून ठेवलेले नातवंडे वाचतीलच असे नाही, पण आवाज ऐकतात.

दुसरे, आठवड्यातून एकदा दोन्ही घरांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र वंदना घ्यावी. आपल्याकडे रविवारी सकाळी सात वाजता न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र असते, हिवाळ्यात साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मुले जागी असतात. लंडनसाठी आपली रविवारची सायंकाळ सहाची वेळ ठेवावी, तेथे तेव्हा दुपारचा साडेबारा ते दीड असतो. वंदना दहा मिनिटांचीच असू द्या. गाथा सांगण्याचे काम लहान नातवाला द्यावे आणि तो चुकला तरी मध्येच थांबवू नये.