गॅलरीतून सोडलेली वायर

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा होता. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. रात्री दोनच्या सुमारास माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, आमच्या खोलीचं दार वाजवलं. "अगं, काहीतरी जळतंय. मघापासून वास येतोय. आधी मला वाटलं कोणी सुकट भाजतंय, पण या दिवसांत, तेही एवढ्या रात्री?"

वास गॅलरीतून येत होता. तिथे वॉशिंग मशीनसाठी काढलेला पॉवर पॉइंट आहे. त्याला लावलेली एक्स्टेन्शनची वायर कठड्यावरून खाली पार्किंगमध्ये सोडलेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला आमची तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक गाडी चार्ज होत होती. टॉर्च मारला तर सॉकेटची पांढरी प्लेट तपकिरी पडून फुगली होती. प्लगच्या कडेने धुराची एक बारीक रेघ वर जात होती. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. हात लगेच प्लगकडे गेला नाही, हे माझं नशीब.

अप्पांना झोप कमी, म्हणून त्या रात्री वास कळला. गॅलरीत त्या पॉइंटपासून वीतभर अंतरावर वाळत घातलेले कपडे होते. आज हे लिहायचं कारण एवढंच की पुण्यात आमच्या आसपासच्या सोसायट्यांत गॅलरीतून खाली सोडलेल्या अशा वायरी मला अजून दिसतात. प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

बटण का पडलं नाही?

सकाळी आमचे जुने वायरमन काका आले. प्लग सॉकेटमध्ये असा वितळून बसला होता की तो ओढून निघेना. प्लेटच फोडावी लागली. आतला न्यूट्रलचा पितळी कप काळानिळा झाला होता आणि त्याच्या मागचा स्क्रू हाताने फिरत होता. काका म्हणाले, "ताई, हा पॉइंट वीस वर्षांपूर्वीचा. मशीनचा प्लग काढून-घालून कप सैल झालाय, स्क्रूही ढिला. मशीन अर्धा-पाऊण तास चालतं, तेवढं त्याने सोसलं. तुमची गाडी रात्रभर ओढते."

मी त्यांना विचारलं, मग जादा करंट गेला की पडणारा एमसीबी का नाही पडला? त्याचं उत्तर प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावं असं आहे. एमसीबीला फक्त किती करंट जातोय ते कळतं, सॉकेट किती तापलंय ते कळत नाही. गाडी १५ अँपियर घेत होती आणि तेवढा करंट त्या एमसीबीच्या हिशेबात योग्यच होता. गळती नव्हती, त्यामुळे गळती ओळखणारा ईएलसीबी असता तरी तोही पडला नसता.

मी बँकेत आहे, आकडा मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तारेत किंवा जोडात तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. ढिल्या जोडात रोध फक्त ०.१ ओहम धरला, तरी १५ अँपियरला साडेबावीस वॉट होतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटची असते. म्हणजे रोज रात्री आठ-आठ तास आम्ही भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत एक सोल्डरिंग आयर्न पेटती ठेवत होतो.

एक्स्टेन्शनची गोष्ट याहून वाईट. दुकानदाराने "गिझरलाही चालेल" म्हणून दिलेल्या त्या १५ मीटरच्या वायरीच्या टोकाला १६ अँपियर लिहिलं होतं. काकांनी ती सोलून दाखवली तेव्हा आत एक स्क्वेअर एमएमची तार निघाली. जाऊन-येऊन तीस मीटर तार, १५ अँपियर करंट, म्हणजे सुमारे १३० वॉट नुसते वायर तापवण्यात जात होते. त्यात निम्मी वायर आम्ही नीटनेटकी गुंडाळून गॅलरीतच ठेवत होतो. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला वावच नव्हता.

इस्त्री दहा मिनिटं चालते. पाणी तापलं की गिझर आपोआप बंद होतो. गाडी मात्र तीन-साडेतीन किलोवॉट सलग सात-आठ तास घेते. घरातलं दुसरं कोणतंही उपकरण असं वागत नाही, आणि आपल्या घरांचं जुनं वायरिंग असल्या भारासाठी केलेलंच नाही. "पंधराचा पॉइंट आहे ना, मग झालं" या एका वाक्यावर मी विसंबले. तुम्ही विसंबू नका.

लाल दिवा गप्प करू नका

आमची पहिली चूक त्याही आधीची होती. पहिल्याच दिवशी चार्जरच्या डबीवर अर्थिंगचा लाल दिवा लागला. तेव्हा घाईत बोलावलेल्या एका वायरमनने सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तारेचा छोटा तुकडा जोडून दिला. दिवा हिरवा झाला आणि आम्ही खूश झालो. जळालेली प्लेट उघडल्यावर काकांना तो तुकडा दिसला आणि ते पहिल्यांदाच चिडले.

त्या तुकड्याचा अर्थ असा की मागे कुठे न्यूट्रल तुटला असता, तर आमच्या गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट आले असते. पावसात ओल्या फरशीवर उभं राहून दाराला हात लावणाराच त्या विजेची वाट झाला असता. आमच्या पार्किंगमध्ये दिवसभर मुलं खेळतात. चार्जर अर्थिंग नाही म्हणतो तेव्हा तो आपला जीव वाचवत असतो. त्याला फसवणारे प्लग, तारा, जुगाड काहीही वापरू नका. अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा किंवा नवा घ्या, मीटरने रोध मोजून घ्या, मगच गाडी लावा.

घरी पर्याय कोणते?

आधी आपली रोजची गरज मांडा. रोज ४० किलोमीटर गाडी चालत असेल तर साधारण सहा-सात युनिट लागतात. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर सुमारे ३.३ किलोवॉट देतो, म्हणजे दोन-सव्वादोन तासांचं काम. तीस युनिटची बॅटरी पार रिकामी झाली तरी नऊ-दहा तासांत, म्हणजे रात्रीत भरते. बहुतेक घरांना एवढं पुरतं. पण तो लावायला वेगळी लाइन हवी. मीटरपासून थेट, मध्ये कुठेही लूप न मारलेली, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिच्यासाठी स्वतंत्र २० अँपियरचा एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. सॉकेट साधं घरगुती घेऊ नका, निळं इंडस्ट्रियल घ्या. त्याची पकड घट्ट असते आणि झाकण असल्यामुळे पाणी आत जात नाही. चार्जरला त्याच जातीचा प्लग कंपनीकडून मिळतो का ते आधी विचारा, मधे अडॅप्टर घालू नका. तो मिळत नसेल तर नामांकित कंपनीचं, आयएसआय छापाचं नवं १६ अँपियरचं सॉकेट बसवा.

दुसरा पर्याय ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर. तो ३२ अँपियर घेतो. त्याला किमान सहा स्क्वेअर एमएमची वायर लागते, मीटर लांब असेल तर दहाची. ४० अँपियरचा एमसीबी लागतो. पण त्याआधी गाडीच्या माहितीपत्रकात एक आकडा बघा: गाडीच्या आतला एसी चार्जर किती किलोवॉटचा आहे. एसीवर बॅटरी किती वेगाने भरायची हे तोच ठरवतो. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ चा लावूनही गाडी ३.३ नेच घेणार. ११ किलोवॉटसाठी थ्री-फेज जोडणी आणि ती पेलणारी गाडी दोन्ही हवीत. करंट दुप्पट झाला की ढिल्या जोडातली उष्णता चौपट होते, म्हणून मोठ्या चार्जरला काम करणारा माणूसही तितकाच जाणकार हवा.

आरसीसीबी घेताना प्रकार विचारा. दुकानात सहसा हातात ठेवतात तो 'एसी' टाइप गाडीला चालत नाही, कारण गाडीच्या बाजूने डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. चार्जरमध्ये सहा मिलिअँपियरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर 'ए' टाइप पुरतो, नसेल तर 'बी' टाइप लागतो.

आता वीजबिल काढा आणि त्यावर 'मंजूर भार' बघा. आमचा तीन किलोवॉट होता. तेवढा एकटी गाडीच खात होती. असं असेल तर भार वाढवून घ्या किंवा गाडीसाठी वेगळा मीटर मागा. महिन्याला हजार किलोमीटर चाललात तर दीडशेच्या वर युनिट वाढतात आणि घरगुती दरात वरच्या टप्प्यात जाता. वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे. दोन्ही हिशेब कागदावर मांडून मग ठरवा.

केबल घेताना

पहिली गोष्ट, गाडीबरोबर आलेला चार्जर असताना बाजारातला स्वस्त घेऊ नका. घ्यायचाच असेल तर प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असलेला आणि करंट कमी-जास्त करता येणारा घ्या. मी आता रोज १० अँपियरवर लावते. चार्जिंगला वेळ दीडपट लागतो, पण जोडातली उष्णता निम्म्याहून कमी होते. रात्र आपलीच असते, घाई कशाची?

सार्वजनिक एसी चार्जरसाठी दोन्ही टोकांना टाइप-टू असलेली केबल लागते. तिच्या टोकात एक छोटा रेझिस्टर असतो. ही केबल किती अँपियर झेलते हे चार्जरला त्याच्यावरून कळतं. ३२ अँपियरच्या केबलमध्ये तो २२० ओहमचा, २० च्या केबलमध्ये ६८० ओहमचा. कुणी बारीक तारेच्या केबलला २२० ओहमचा रेझिस्टर बसवून विकली, तर चार्जर विश्वासाने ३२ अँपियर सोडणार आणि केबल तापणार. म्हणून अंगावर तारेचा आकार आणि क्षमता छापलेली, पक्क्या बिलाची, नामांकित केबलच घ्या.

लांबी पाच मीटर बहुतेकांना पुरते. गाडी कोणत्या बाजूने लावता आणि तिचं चार्जिंगचं तोंड कुठे आहे ते प्रत्यक्ष मोजा. लांबी कमी पडते म्हणूनच माणूस एक्स्टेन्शनकडे वळतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंग स्टेशनसाठी एक्स्टेन्शनला साफ मनाई आहे आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं असं सांगितलं आहे. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी साचतं त्या आपल्या गावांत घरीही हे दोन्ही नियम पाळावेत.

सोसायटीशी बोला

आम्ही गॅलरीतून वायर सोडली, कारण सोसायटीकडे परवानगी मागायचं टाळलं होतं. "पुढच्या सभेत बघू" असं उत्तर मिळेल म्हणून अर्जच दिला नाही. त्या रात्रीनंतर मी तो वितळलेला प्लग, प्लेटच्या तुकड्यासकट, कमिटीच्या बैठकीत टेबलावर ठेवला. ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला मोकळीक आहे, हेही सांगितलं. पण बोलणं झालं ते प्लगवरच. सेक्रेटरींनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "मीटर रूमपासून लाइन ओढायला काय काय लागेल?"

लागलं ते असं: वायर कुठून जाणार त्याचा नकाशा, परवानाधारक ठेकेदाराचं अंदाजपत्रक आणि चाचणी अहवाल, आणि खर्च माझा असल्याचं पत्र. चार-पाच जणांनी मिळून केलंत तर खोदाई आणि अर्थिंगचा खर्च वाटला जातो. आमच्याकडे पुढच्या गाड्यांसाठी पाइप आधीच टाकून ठेवला आहे.

रोजची सवय

चार्जिंग सुरू केल्यावर तासाभराने प्लगवर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर चार्जिंग तिथेच थांबवा. थांबवताना आधी गाडीतून किंवा ॲपवरून बंद करा, मग स्विच, मग प्लग. चालू भारावर प्लग ओढला की ठिणगी पडते आणि पिना खराब होतात. केबल पूर्ण उलगडून ठेवा, गाड्यांच्या चाकाखाली येऊ देऊ नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. वर्षातून एकदा स्क्रू घट्ट करून घ्या. कधी धूर दिसलाच तर प्लगला हात न लावता मेन पाडा, आणि पाणी ओतू नका.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. गाडी बुक करायची म्हणत होते, कोणती घेऊ, किती किलोमीटर जाते, विचारत होते. मी म्हटलं, "दादा, बुकिंगचे पैसे उद्या भरा. आज माझ्याबरोबर मीटर रूममध्ये चला, आणि येताना वीजबिल घेऊन या." अप्पा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मीही येतो."