उशीर : नामसाधर्म्य आणि द्रव्यनिश्चिती

षडंगपानीयात मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य व नागर ही सहा द्रव्ये आहेत. उशीर म्हणजे वाळा, हे सर्वश्रुत आहे. परंतु उदीच्य (ह्रीबेर, बालक) यासही बाजारात ‘सुगंधवाळा’ किंवा ‘काळा वाळा’ म्हणतात. मागणीपत्रात केवळ ‘वाळा’ लिहिल्यास दोन्ही जागी एकच द्रव्य पडते आणि ज्वरार्त रुग्णाच्या हाती षडंगाऐवजी पाचच द्रव्यांचे पाणी येते.

परिचय : उशीर हे तृणकुलातील बहुवर्षायू गवत असून नदी-ओढ्यांच्या काठी व पाणथळ कुरणांत उगवते. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जुन्या ग्रंथांत व्हेटिव्हेरिया झिझॅनिऑइडिस असे आढळते. याची तंतुमय मुळे सरळ खाली जातात व अनुकूल जमिनीत ३ मीटरपर्यंत पोहोचतात. बालक मात्र गवत नव्हे. त्या नावाने पॅव्होनिया ओडोराटा (कार्पासकुल) घेतात. केरळात तुलसीकुलातील ‘इरुवेली’ वापरतात.

गुणकर्म : रस तिक्त-मधुर, विपाक कटु, वीर्य शीत, गुण लघु, रूक्ष. चरकाचार्यांनी उशीराची गणना वर्ण्य, छर्दिनिग्रहण व दाहप्रशमन या गणांत केली आहे. दाहप्रशमन गणात उशीर व ह्रीबेर या दोहोंचा स्वतंत्र निर्देश आहे. ही द्रव्ये भिन्न आहेत, यास याहून स्पष्ट प्रमाण आम्हांस आवश्यक वाटत नाही.

परीक्षा : तेल काढून घेतलेली मुळे पुन्हा वाळवून विक्रीस आणली जातात. दिसण्यात फरक थोडाच असतो; म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. मूठभर मुळे कोमट पाण्यात भिजवावीत. उत्तम मुळांचा मृत्तिकेसारखा गंध पाण्यास येतो व चव किंचित कडू लागते. गंधहीन माल परत करावा. माल हवाबंद पात्रात ठेवावा.

कल्पना : सुगंधी अंश उडून जाऊ नये म्हणून एकट्या उशीराचा हिम वा फांट करणे आम्ही श्रेयस्कर मानतो. षडंगपानीय सिद्ध करताना पाणी अर्धे उरेपर्यंतच आटवावे.

औषधनिर्मात्यांस आमची विनंती एवढीच की, मागणीपत्रात संस्कृत नाव, शास्त्रीय नाव व प्रयोज्य अंग ही तिन्ही लिहावीत. चिकित्सकांनीही व्यवस्थापत्रात ‘वाळा’ न लिहिता ‘उशीर’ किंवा ‘ह्रीबेर’ असे स्पष्ट लिहावे. द्रव्यनिश्चिती चुकली तर अचूक निदानही व्यर्थ ठरते.